सहीला लागलेले तीन महिने

अण्णा,

तुम्ही गेलात त्याला नऊ वर्षं झाली. आई त्याच्या आधीच गेलेली, त्यामुळे विचारायला घरात कुणी उरलं नाही. म्हणून हे लिहिते आहे. समोर असतात तर बोलले नसते, हे तुम्हालाही माहीत आहे.

मी दत्तक आहे हे आईनं मला दहावीत असताना सांगितलं. पंचवटीतल्या आपल्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी मेथी निवडत होतो. "तुला आम्ही मागून घेतलं," ती म्हणाली. कुणाकडून, असं विचारल्यावर म्हणाली, "अण्णांना विचार." तुम्ही बाहेर पेपर वाचत होता. पेपर खाली न घेता म्हणालात, "जेवढं सांगायचं तेवढं सांगून झालं आहे. अभ्यासाला बस." दुसऱ्या दिवशी तुम्ही मला नवीन शाईपेन आणून दिलंत. मला ती लाच वाटली. तरी मी ते घेतलं आणि परीक्षेचे सगळे पेपर त्यानंच लिहिले.

पुढे मी शाळेत लेखनिक झाले. दाखले लिहिणं, जनरल रजिस्टर सांभाळणं हेच काम. खेड्यातून आलेल्या मुलांच्या जुन्या दाखल्यांवर जन्मतारीख बहुधा एक जून असते. आईबापांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी एक जून लिहून मोकळे होतात. तुम्ही स्वतः कळवण तालुक्यात मुख्याध्यापक असताना अशी कितीतरी मुलं दाखल केलीत, हे हसत हसत सांगायचात. माझी जन्मतारीखही एक जून. एके दिवशी माझा स्वतःचा जुना शाळाप्रवेशाचा अर्ज हाती आला : तुमच्याच अक्षरात जन्मस्थळ नाशिक. नाशिकच्या दवाखान्यात जन्मलेल्या मुलीला एक जून कशाला लागेल? त्या दिवसापासून मी तुमचं प्रत्येक वाक्य दोनदा तपासू लागले. तुम्ही हयात होता, तेव्हाही.

तुम्ही गेल्यावर मी आधी महापालिकेत जन्माची नोंद शोधली. नव्हतीच. तिथले कारकून म्हणाले, "बाई, तुम्हीही लेखनिक, आमच्याच जातकुळीच्या, तुम्हाला काय सांगायचं! दत्तक असाल तर दस्त नोंदवलेला असणार. वडील तेव्हा नोकरीला कुठं होते? तिथल्या दुय्यम निबंधकाकडे नक्कल मागा." मी कळवणला अर्ज केला. तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला दत्तकपत्राची नक्कल हातात आली.

मी सहा महिन्यांची होते. देणारी एक विधवा बाई, मजुरी करणारी, तुमच्या शाळेच्या गावची. मला एकच जाणून घ्यायचं होतं : तिनं मला आपणहून दिलं, की तुम्ही घेतलंत? गावात सरांना नाही म्हणणारं कोण होतं? दस्ताच्या तळाशी अंगठा असेल अशी माझी खात्री होती. अंगठा नव्हता. सही होती, वाकडी, पण पूर्ण. आणि अक्षराचं वळण तुमचं होतं. वरची रेघ शेवटी किंचित खाली ओढलेली, माझ्या पाटीवर तुम्ही काढून द्यायचात तशी. बसस्टँडवर बसून मी तो कागद पाहत राहिले. मूल लिहून घेता यावं म्हणून तुम्ही तिला लिहायला शिकवलंत, असं मला वाटलं आणि तुमचा राग आला.

पुढच्या रविवारी मी गावात गेले. शाळेजवळ एक म्हातारी नागली पाखडत बसली होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही. "कोनाची गं तू?"

काय सांगायचं ते मी वाटेत ठरवलं होतं. शाळेच्या कामासाठी आले आहे, वगैरे. तोंडातून निघालं, "सरांची."

"आता गं बया! सरांना दिली ती तूच व्हय? तुज्या आयच्या सहीसाठी सर लय खपले होते बघ." मग तिनं मला बसायला लावलं. "आमी म्हनलं, सर, अंगठा घ्या आन मोकळं व्हा. तर म्हनले, अंगठा कुनीबी धरून उठवतं. सही तिची तिनंच कराया पायजे. रोज सांच्याला वट्यावर बसवायचे तिला पाटी देऊन. तीन महिने."

"तीन महिने? तोवर मी कुठं होते?"

"तिच्याच मांडीवर, आनि कुठं? दूध पीत." म्हातारी हसली. "तिला लवकर आली होती गं सही. मला धुळीत काढून दाखवली ना. पन सरांम्होरं गेली की मुद्दाम चुकायची. म्हनायची, शिकले तर पोर जाईल."

मी विचारलं, "सरांना कळलं नाही?"

"ते मला काय म्हाईत? सर लय हुशार मानूस."

अण्णा, तुम्ही पस्तीस वर्षं मुलांना शिकवलंत. येत असून कोण चुकतंय हे तुम्हाला कळत नव्हतं, असं मी मानू शकत नाही. कळलं असेल, तर तुम्ही वाट का पाहत राहिलात? ती आपणहून तयार व्हावी म्हणून? की एक ना एक दिवस ती थकेल, हे माहीत होतं म्हणून? आणि इतकं समजत होतं, तर मला तिच्याच मांडीवर का राहू दिलं नाहीत? तिला दुसरी काही मदत करता आली नसती का? हे प्रश्न मी उलटसुलट करून पाहते. कधी तुम्ही सुटता, कधी अडकता.

ती जिवंत आहे. दिंडोरीकडे द्राक्षबागांत कामाला असते आणि शिमग्याला गावी येते. "तवा ये," म्हातारी म्हणाली होती. तेव्हापासून दोन शिमगे झाले. दोन्ही वेळा मी शाळेत रजेचा अर्ज दिला आणि परत घेतला. लोकांना वाटतं, दत्तक गेलेली माणसं सख्ख्या आईला भेटायला घाबरतात. मी तिला घाबरत नाही. त्या ओट्यावर तिच्यासमोर तुम्ही बसला होता. ती मुद्दाम चुकते हे तुम्हाला कळलं होतं की नाही, हे फक्त ती सांगू शकते. तिनं ते सांगू नये, असं मला वाटतं.