चिंगीची मिठी

मंगळवार, हर्सूल. दिवेलागण.

चिंगीला येत्या रविवारी सिल्लोडला भाच्याकडं धाडायचं मीच ठरवलं होतं. एवढीशी कुत्री, सूनबाईची लाडकी, पण रोज संध्याकाळी माझ्या पायाला मिठी मारून कंबर हलवते. शेजारी हसतात. माझा जन्म मेंढरांत गेला, म्हणून वाटलं, माजावर आली असेल.

"मामा, तिचं ऑपरेशन झालंय की," सूनबाई म्हणाली.

मग वाटलं, माझ्यावर वरचढ व्हायला बघते.

आज जनावरांचे डॉक्टर म्हणाले, तसंही नाही. जीव घाबरला किंवा हुरळला की बरीच कुत्री असं करतात. "संध्याकाळी त्या वेळेला घरात काय चालतं?" त्यांनी विचारलं.

"मामांच्या येरझाऱ्या," सूनबाई हसून म्हणाली.

खरंच. पोरगा कंपनीतून येईस्तोवर मी फाटकापाशी येरझाऱ्या घालतो. माझा घोर हिला कसा कळतो?

आजही पोराला उशीर झाला. मी मुद्दाम पायरीवर बसून राहिलो. चिंगी आली, थांबली. मिठी मारली नाही. माझ्या पावलावर हनुवटी टेकून पडली. मुठीएवढं काळीज, त्यात माझी सगळी काळजी मावते?

सिल्लोडचं रहित. पोरगा आला, गाडीचा आवाज ऐकला, तरी मी पाय हलवला नाही.