यादीत नसलेला कॅमेरा

९ जानेवारी, गुरुवार
निवृत्त होऊन नऊ दिवस. चौतीस वर्षं लिफ्टच्या देखभालीत काढली आणि रोज लॉगबुक लिहिलं. आता लिफ्ट नाही, पण हात शिवशिवतो, म्हणून ही वही. नियम तेच: तारीख, बिघाड, उपाय. आणि हाताखालच्या प्रत्येकाकडून मी घोकून घेतलेला मुख्य नियम: लिफ्ट अडली की आधी विचारायचं, शेवटचा हात कोणाचा लागला होता? दहातले नऊ बिघाड तिथेच सापडतात. ही वही दुसरं कोणी वाचणार नाही, त्यामुळे खरं तेच लिहीन.

आजचं काम: जुन्या ऑफिसातल्या स्टोअरकीपरने मेसेज पाठवला की चोर लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातून घरात डोकावतात. लोक त्यावर चिकटपट्टी लावतात. ही नुसती मलमपट्टी. मी मुळावरच घाव घातला. लॅपटॉप सुरू होताना एफ-टू दाबलं की विंडोजच्याही आधीचं एक निळं पान उघडतं, त्याला बायोस म्हणतात. तिथे जाऊन कॅमेराच बंद केला. आपल्याला कॅमेरा आहे हे आता लॅपटॉपला स्वतःलाही कळणार नाही. वेळ: चाळीस सेकंद. हिला सांगितलं नाही, उगाच घाबरेल.

२० फेब्रुवारी, गुरुवार
लेक, जावई आणि मुंगी आज गेले. जावयाची बदली. विमानाने जावं लागतं इतकं लांब. मुंगी म्हणजे नात, दहा महिन्यांची. जन्मली तेव्हा एवढीशी होती, म्हणून मुंगी. निघताना तिने माझी मिशी धरली ती सोडेना. लेकीने एकेक बोट सोडवलं. मी आंघोळीला गेलो आणि बराच वेळ नळ चालू ठेवला.

ठरलं: दर रविवारी अकरा वाजता लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल. मुंगीने माझा चेहरा विसरता कामा नये. आता माझ्यावर एवढी एकच जबाबदारी आहे आणि ती मी चोख पार पाडणार.

२ मार्च, रविवार. ११.०५
कॅमेरा सापडत नाही म्हणतोय. किरकोळ आहे. दहा मिनिटांचं काम.

२ मार्च, १.३०
दहा मिनिटांचं नव्हतं. आम्हाला ते सगळे दिसले, त्यांना आमच्या जागी काळा चौकोन. मी आवाजावर वेळ मारून नेली. मुंगी इथे असताना तिला कडेवर घेऊन मी लिफ्ट-लिफ्ट खेळायचो: टिंग, दुसरा मजला! आज तेच केलं. तिने मान वळवली. चौकोनाकडे बघितलं. ओळखलं तिने, नक्की.

३ मार्च
डिव्हाइस मॅनेजर उघडला. लॅपटॉपच्या सगळ्या अवयवांची हजेरी असते ती. कीबोर्ड हजर, माइक हजर, स्पीकर हजर. कॅमेऱ्याचं नावच नाही. गैरहजर असता तर समजलं असतं, इथे हजेरीपटावरूनच काढलेला. कंपनीचा ढिसाळपणा, दुसरं काय. पुढच्या रविवारच्या आत लावतो मार्गी.

५ मार्च
हिने विचारलं, अहो, तुम्हीच काही केलं होतंत का याला? चौतीस वर्षांच्या अनुभवाला असा प्रश्न! सांगितलं की मी काही करतो तेव्हा लिहून ठेवतो. त्यावर ती म्हणाली, मग बघा की लिहिलेलं. बायकांना तांत्रिक गोष्टी समजावणं कठीण. विषय बदलला.

९ मार्च, रविवार
चौकोन. ड्रायव्हर, म्हणजे कॅमेरा चालवणारा प्रोग्रॅम, तीनदा काढून तीनदा टाकला होता. मुंगीने स्क्रीन चाटली. टिंगला हसली.

हिचं काय, ती रोज दुपारी फोनवरून व्हिडिओ कॉल करते. तुम्हीही या की, म्हणते. नाही. एक लिफ्ट बंद पडली म्हणून लोकांना जिना दाखवायचा नसतो, लिफ्ट सुरू करायची असते. मी फोनवर तोंड दाखवलं की दुरुस्ती राहिलीच.

१३ मार्च
जावयाचा फोन. तिथे बसून माझा लॅपटॉप चालवतो म्हणाला. उंटावरून शेळ्या हाकायचा प्रकार. मग विचारतो, बाबा, बायोसमध्ये कॅमेरा चालू आहे ना, ते बघितलंत का? बघितलं, म्हणून सांगितलं. बघितलं नव्हतं, पण बघायचं काय त्यात? तिथे कोण कशाला जाईल?

१७ मार्च
शेवटचा, रामबाण उपाय केला. विंडोज पुसून नव्याने टाकलं. आता लॅपटॉप आरशासारखा स्वच्छ. कॅमेरा नाही.

हिच्या भरतकामाच्या नक्ष्या त्यात होत्या. चार वर्षं जमवलेल्या, दोनशे बारा. कॉपी ठेवायला हवी होती हे मान्य, पण तिने ठेवायला हवी होती. ती दुपारभर सुई-दोरा घेऊन बसली आणि एकही टाका घातला नाही. मला वाईट वाटलं. तिला म्हटलं, कॅमेरा सापडला की बघ. तिने बघितलं, पण माझ्याकडे.

२२ मार्च, शनिवार
लॅपटॉप उघडला. आतली रचना फारच नाजूक, लिफ्टच्या मानाने. कॅमेऱ्याची वायर जागेवर, व्यवस्थित. परत बंद केला. एक स्क्रू उरला. कंपनीने जास्तीचा दिलेला असणार.

२३ मार्च, रविवार
चौकोन. शिवाय स्पेसबार चालत नाही. जावयाला मेसेज टाकला: प्रगतीचांगलीआहेकाळजीनसावी.

३० मार्च
दुपारी हिने मी पेपर वाचत असताना न सांगता फोन माझ्याकडे वळवला. मी वेळीच पेपर वर केला. मुंगीला आबा म्हणून शेअर बाजाराचं पान दिसलं. ही म्हणाली, मूल काय तुमच्या दुरुस्तीसाठी थांबणार आहे का? थांबेल. माझी नात आहे.

४ एप्रिल
हिच्या हट्टापायी दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदारीण बाई पंचविशीची. मी पूर्ण इतिहास सांगायला सुरुवात केली, सविस्तर, दोन मार्चपासून. तिने मध्येच विचारलं, काका, बायोसमधून तुम्ही स्वतः बंद केलेला नाही ना? आधी तेच बघते.

म्हणजे पहिला संशय गिऱ्हाइकावर! यंत्राला हात लावायच्या आधीच माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं, ही कुठली पद्धत? लॅपटॉप तिच्या हातातून काढून घेतला. तिला म्हटलं, तू शाळेत जात नव्हतीस तेव्हापासून मी बिघाड शोधतोय. ती म्हणाली, ठीक आहे काका. घरी येईपर्यंत मला बरं वाटत नव्हतं. उन्हामुळे.

६ एप्रिल, रविवार
चौकोन. मुंगी आता धरून उभी राहते. मी टाळ्या वाजवल्या. तिने आवाजाकडे, म्हणजे चौकोनाकडे बघून वाजवल्या.

१३ एप्रिल, रविवार
वाईट बातमी. व्याही तिथे राहायला गेलेत. नाना म्हणतात त्यांना. मुंगीला मांडीवर घेऊन बसले होते. आणि मुंगी ‘नाना’ म्हणाली. साफ. लेकीने लगेच सांगितलं की बाबा, ‘न’ म्हणायला सोपा असतो. मला लेकीने समजूत काढलेली आवडत नाही.

नाना कॉलभर चष्मा शोधत होते आणि चष्मा कपाळावर. काखेत कळसा आणि गावाला वळसा. अशा माणसाचं नाव मूल आधी घेतं. हसू येत होतं, पण आलं नाही.

निश्चय: २७ तारखेला मुंगीचा पहिला वाढदिवस, आणि रविवारही आहे. त्या दिवशी स्क्रीनवर मी असणार. पूर्ण चेहरा, मिशीसकट.

१८ एप्रिल
ही म्हणाली, बाहेरून जोडायचा कॅमेरा मिळतो, तो घेऊ या का? म्हटलं, डोळा शाबूत असताना काचेचा बसवायचा? ती म्हणाली, शाबूत आहे ना, मग दिसू दे की. उत्तर संध्याकाळी सुचलं, तेव्हा ती शेजारी गेली होती.

२४ एप्रिल, गुरुवार. सकाळ
तीन दिवस उरले. आता कंपनीलाच तक्रार. अशी सविस्तर की त्यांना तोंड लपवायला जागा उरणार नाही. त्यासाठी ही वही पहिल्या पानापासून वाचायला घेतो.

२४ एप्रिल. थोड्या वेळाने
९ जानेवारी वाचलं.

२४ एप्रिल
परत वाचलं. अक्षर माझंच आहे.

२५ एप्रिल
काल उरलेला दिवस गॅलरीत बसून होतो. हिने दोनदा चहा आणला. दोन्ही वेळा गार झाला.

आज सकाळी एफ-टू. निळं पान. कॅमेरा: बंद. तो ‘चालू’ केला. चाळीस सेकंद. बारीक दिवा लागला आणि स्क्रीनवर एक म्हातारा आला. डोळ्यांखाली पिशव्या, दाढीचे खुंट, मिशी एका बाजूला खाली. माझ्याकडे बघत होता.

हिने विचारलं, कसा झाला? म्हटलं, ड्रायव्हरचा घोळ होता. ती बरं म्हणाली आणि पदराने स्क्रीन पुसली. मग म्हणाली, पहिल्या पानावर चहाचा डाग पडलाय वहीच्या. काल उघडीच राहिली होती, मी मिटून ठेवली.

तिने वाचलं असेल का? वाचलं असतं तर बोलली असती. कदाचित नसती बोलली. दोनशे बारा नक्ष्या. त्याबद्दल तिची माफी मागायची आहे. मागेन. वाढदिवसानंतर.

२६ एप्रिल
दाढी. मिशी कात्रीने सारखी केली. निळा शर्ट. तालीम घेतली, पाच वेळा. कॅमेरा पाचही वेळा उत्तम. उद्या मुंगी मला बघणार.

२७ एप्रिल, रविवार
अकराला कॉल. ही शेजारी. मी मध्यभागी. लेक ओरडली, बाबा दिसले! जावयाने टाळ्या वाजवल्या. नानांनीसुद्धा, मनापासून. मुंगी टेबलाजवळ उभी होती, डोक्यावर कागदी टोपी.

तिने माझ्याकडे बघितलं. आधी खालचा ओठ बाहेर आला. मग अशी किंकाळी फोडली की नानांच्या हातातली सुरी केकवर पडली. तिने त्यांच्या धोतरात तोंड खुपसलं. मी मिशीवर हात ठेवला, मग काढला, मग हसलो. हसल्यावर जास्तच रडली. म्हणून टिंग केलं. टिंग, दुसरा मजला!

त्यावर थांबली. आवाज ऐकला तिने. पण माझ्याकडे बघेना. रांगत जाऊन लॅपटॉपच्या मागे बघून आली. मग टेबलाखाली. तिथेही नव्हतो.

लेक म्हणाली, बाबा, तुमची सवय नाही ना तिला. तिला काळा चौकोन म्हणजेच आबा. फोन बंद पडला की त्या काळ्या काचेलाही पापी देते. जावई फार हळू बोलला, बाबा, दोन मिनिटं व्हिडिओ बंद करता का?

केला. टिंग म्हटलं. मुंगी वळली, चौकोन दिसला आणि हसली, पाणावल्या डोळ्यांनी, सगळे चार दात दाखवून. दोन्ही तळवे स्क्रीनवर ठेवले. म्हणाली, आबा.

साफ म्हणाली. नानांपेक्षा साफ.

केक कापला. मी चौकोनातून सगळं बघितलं. मला रडू आलं, पण ते कोणाला दिसलं नाही. हिने माझा हात धरला होता. कॉल संपल्यावरही तिने तो लगेच सोडला नाही. मी नक्ष्यांची माफी मागितली. ती म्हणाली, दोनशे अकरा गेल्या, एक माझ्या लक्षात आहे.

१ मे
जावयाचा फोन. रोज थोडा वेळ चेहरा दाखवा, सवय होईल म्हणाला. म्हटलं, बघू. दिवाळखोर झालेल्या माणसाला हप्ते सुचवल्यासारखं वाटलं. वाईट नाही जावई. मी उगाच नावं ठेवायचो.

संध्याकाळी त्या दुकानदारीण बाईकडे गेलो. उरलेला स्क्रू दाखवला. तिने काही न विचारता बसवला. स्पेसबारही चालायला लागला. कॅमेरा सापडला का, म्हणाली. हो म्हटलं. कुठे होता ते सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही.

४ मे, रविवार. १०.५५
नुसतं बटण दाबून व्हिडिओ बंद ठेवला आणि बोलता बोलता चुकून चालू झाला तर पोर घाबरेल. म्हणून एफ-टू. निळं पान.
बिघाड: नाही.
कॅमेरा: बंद.
शेवटचा हात: माझा.
अकरा वाजायला पाच मिनिटं आहेत. घसा खाकरून ठेवतो.