कुंकवाची खूण आणि जळालेली तार

बाबा,

गिरणीच्या चाळींत राहणाऱ्या आपल्या माणसांचं एक गाऱ्हाणं तुमच्या वेळी होतं आणि आजही आहे. त्यांच्या पोटाची बातमी त्यांनाच सगळ्यांच्या शेवटी कळते. मालकाला आधी कळते, वकिलांना कळते, कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या बदललेल्या चेहऱ्यावर ती दिसते, आणि आपण मात्र फाटकावरची नोटीस वाचत उभे. वीस वर्षांपूर्वी त्याच रागापोटी आपण दोघांनी सभेच्या मैदानावर एका मोटारीचा रेडिओ कर्ण्याला जोडायला घेतला होता. उद्या संध्याकाळी त्याच मैदानावर माझं भाषण आहे. गिरणी पुन्हा बंद पडते आहे आणि लोकांना कोणाचं तरी नाव हवं आहे.

प्रताप नगरच्या खोलीत मी हे लिहायला बसले आहे. समोर तुमचा तपासणीचा बल्ब आहे. मोटारीच्या दिव्यातला छोटा बल्ब, त्याला जोडलेल्या दोन तारा, एक काळी, एक पिवळी. तुमच्या दुकानात शिरताना मला तो आधी दिसायचा, नंतर तुम्ही. त्या काळी काही मोटारींत बॅटरीचं ऋण टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेलं असायचं आणि काहींत धन. हे न पाहता रेडिओचा आवाज बाहेरच्या अॅम्प्लिफायरला थेट जोडला, तर सगळी बॅटरी त्या बारीक तारेतून धावते. म्हणून बल्बची एक तार पत्र्याला आणि दुसरी बॅटरीच्या टोकाला लावून तुम्ही पाहायचात; ज्या टोकाला बल्ब पेटत नाही ते पत्र्याला जोडलेलं, आणि त्याच्यावर तुम्ही कुंकवाचा ठिपका द्यायचात. रंगाचा डबा वाळून जातो, कुंकू घरात कायम असतं, असं तुमचं म्हणणं. आईला ते आवडायचं नाही. "देवाचं कुकू त्या तेलकट डब्ब्याले लावून राहिले तुमी," ती म्हणायची. तुम्ही म्हणायचात, "देवाले काही होत नाही वं, मले शॉक बसते."

पण मला शिकवताना तुम्ही ठिपक्यावर थांबला नाहीत. मी पहिल्यांदा ठिपका पाहून तार उचलली तेव्हा तुम्ही पकडीनं माझ्या बोटांवर मारलंत. हळू, पण मारलंत. "काहून वं? बल्ब कुठी हाय?"

"तुमचीच खूण आहे ना बाबा."

"माही असो नाही तं कोनाची. खूण मानूस करते. आधी बल्ब लावून पाह्य."

त्या वर्षी दसऱ्यानंतर चारच दिवसांनी सभा होती. गिरणी तीन आठवडे बंद होती आणि सरकारचा निर्णय संध्याकाळच्या सातच्या बातम्यांत येणार, असं कामगारांच्या बाजूच्या वकीलसाहेबांनी सांगितलं होतं. मैदानात वीज नव्हती. चाळीत ट्रान्झिस्टर एखाद्याकडेच. वकीलसाहेबांच्या गाडीत मात्र रेडिओ होता. तिच्याच बॅटरीवर आपला अॅम्प्लिफायर चालवायचा, निंबाच्या झाडाला कर्णा बांधायचा, आणि कामगारांनी आपली बातमी इतरांच्या बरोबरीनं ऐकायची. ही कल्पना माझी होती. मी एकोणीस वर्षांची होते, सापडेल ते पुस्तक वाचत होते, आणि त्या दिवशी पहिल्यांदा टेबलावर चढून बोलणार होते.

अजून तो उजेड डोळ्यांसमोर आहे. सूर्य गेला आहे, आकाश पिवळं आहे, आणि इतकी माणसं असून आवाज नाही. बायका कडेवर लेकरं घेऊन उभ्या आहेत. वकीलसाहेबांचा ड्रायव्हर, तो मौद्याचा, गाडीचं बॉनेट उघडून देतो आणि हसून म्हणतो, "खंडेनवमीले धुऊन पुसून पूजा केली बाई. आतून बी चमकून राह्यली." तुम्ही कर्णा घेऊन शिडी चढता आहात. वरून ओरडता, "म्या इकडं बांधतो. तू जोड. पन आधी बल्ब!"

मी बॉनेटमध्ये वाकले. दोन्ही जाड तारा खाली अंधारात गेल्या होत्या, कुठली पत्र्याला लागते ते दिसत नव्हतं. ऋण टोकावर लालभडक ठिपका होता. बल्ब माझ्या पिशवीत होता आणि पिशवी चार हातांवर. पण लोक माझ्याकडे पाहत होते, आणि मला टेबलावर चढायचं होतं. ठिपक्यावर भरवसा ठेवून मी अॅम्प्लिफायरचे चिमटे बॅटरीला लावले.

तो ठिपका तुमचा नव्हता, हे मला नंतर कळलं. त्या गाडीला तुम्ही पूर्वी दिलेला ठिपका पूजेच्या धुण्यात गेला होता. भोळ्या ड्रायव्हरनं भक्तिभावानं हाताशी आलेल्या टोकाला कुंकू वाहिलं होतं; पत्र्याला जोडलेलं होतं ते धन टोक.

मी माइकवर बोलले. बरी बोलले असावे, टाळ्या पडल्या. सात वाजले तसं मी म्हणाले, "आता ऐका, तुमची बातमी," आणि रेडिओकडून आलेली तार अॅम्प्लिफायरला खोचली. ठिणगी उडाली. कर्णा एकदा खरखरला आणि मेला. ती तार टेबलापासून गाडीच्या खिडकीपर्यंत लाल होत गेली, आणि सीटमधून धूर निघाला. तुम्ही शिडीवरून उडीच मारलीत आणि तापलेला चिमटा उघड्या हातानं बॅटरीवरून ओढून काढलात. कातडी जळल्याचा वास मला टेबलावर आला.

मग ती शांतता. बाबा, त्या शांततेत मला फक्त माझी चूक सांगणारे चार शब्द बोलायचे होते. मी बोलले ते असं: "हे आपोआप झालेलं नाही! तुम्ही ऐकू नये असं कोणाला तरी वाटतं!" माइक नव्हता, तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं. गर्दी एका अंगानं हलली, आणि मला कळायच्या आत ड्रायव्हरचा सदरा फाटला होता. "गाडी याचीच हाय! मालकाचा मानूस हाय हा!" तो हात जोडून एवढंच विचारत होता, "माहं काय चुकलं गा?"

तुम्ही मध्ये शिरलात. जळालेला तळवा वर धरून म्हणालात, "त्याले सोडा. तार म्या जोडली. माही चूक हाय."

"किती भेटले मिस्त्री, मालकाकडून?" कोणीतरी विचारलं. कोणी हसलं. ते हसणं सगळ्यांत वाईट होतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाही. मी टेबलावर उभी होते आणि मी गप्प राहिले.

निर्णय आपल्याला दुसऱ्या दिवशी फाटकावरच्या नोटिशीतून कळला. त्यानंतर चाळीतलं एकही माणूस दुरुस्तीला तुमच्याकडे आलं नाही. आई तळव्याला तूप लावत होती तेव्हा तुम्ही मला एकच गोष्ट सांगितलीत: "तुया आवाजाले कर्णा लागत नाही वं. तेच भेव वाटते मले." मी ते कौतुक समजले. नंतर शंभर सभांत मी ती संध्याकाळ सांगितली, तार कशी मुद्दाम जाळली गेली ते सांगितलं. लोक मुठी आवळतात. तुम्ही हयात होतात तेव्हाही सांगितलं. एकदा तर तुम्ही मागं उभे होतात.

काल कार्यकर्ते आले होते. गिरणीच्या ऑफिसातला एक कारकून मालकाला कामगारांच्या बातम्या पोचवतो, असा त्यांना संशय आहे. पुरावा विचारला तर म्हणाले, "ताई, पूर्ण वस्तीले मालूम हाय. तुमी फक्त तारेची गोष्ट सांगा, अन् मंग त्याचं नाव घ्या. बाकी आमी पाहून घेतो." ते तरुण आहेत आणि त्यांचा राग खरा आहे. माझाही आहे, मालकावरचा माझा राग तसूभर कमी झालेला नाही. पण मला त्या कारकुनाचा चेहरा आठवत नाही, बाबा. आठवतो तो हात जोडलेला ड्रायव्हर.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, टपालाला तुमचा पत्ता नाही. एक कबूल करते. वर "रेडिओकडून आलेली तार अॅम्प्लिफायरला खोचली" हे वाक्य मी तीनदा "आपण खोचली" असं लिहिलं आणि तीनदा खोडलं.

तुमचा बल्ब पिशवीत टाकते आहे. उद्या टेबलावर चढल्यावर माझ्या बोटांवर एकदा मारा आणि म्हणा: नाव कोणाचंही घेऊ नको; आधी सांग, तार तू जोडली.