बाबांच्या डब्याची वीट

तीर्थस्वरूप काकांना, भुवया जळालेल्या पुतण्याचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? इकडे सगळे मजेत. आई तर जरा जास्तच.

घरीच धातू वितळवायची भट्टी बांधण्याचं खूळ मी घेतलं, हे तुमच्या कानावर आलंच असेल (ही फोन केल्याशिवाय राहणं शक्य नाही). पत्र्याची बादली, आतून प्लास्टर-वाळूचा जाड लेप, कोळसा, आणि वारा घालायला हिचा केस वाळवायचा ड्रायर. लेप पुरता सुकायच्या आतच मी कोळसे पेटवले. आतल्या ओलीची वाफ झाली; बादली आधी कण्हली, मग फाटकन ढलपा उडाला. माझ्या भुवया गेल्या. ड्रायरचं तोंड वितळून वाकडं झालं, हिचं न वितळताच.

दुसरा लेप उन्हात कडक वाळवला. वितळवायला आईनंच बाबांचा पोचे पडलेला ॲल्युमिनियमचा डबा दिला. "हे गेल्यापासून नुसता पडून तर आहे." मुशीत तो सुरकुतला आणि हळूच खाली बसला. रस केकच्या साच्यात ओतला, छान वीट झाली. संध्याकाळी हात लावला, गरम. दुसऱ्या दिवशीही गरम. आठवडा होत आला काका, पाण्यात बुडवली तर पाणी कोमट होतं, वीट आहे तशीच.

मी घाबरून फेकायला निघालो, तर आईनं ती टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतली. म्हणाली, "त्यांचं डोकं कधी लवकर थंड झालं होतं?" तेव्हापासून ती विटेला 'अहो' म्हणते. भाजीचे भाव सांगते, माझ्या तक्रारी करते. तक्रार माझी असली की टॉवेल करपल्याचा वास येतो (ही म्हणते योगायोग, पण त्या खोलीत पाऊल टाकत नाही).

बाकी क्षेम. मुद्दाम येण्याची तसदी घेऊ नये.

तुमचा,
पुतण्या

ता. क. मिळेल त्या गाडीनं या. आज दुपारी आईनं स्वतःचं रोजचं पातेलं लख्ख घासून भट्टीशेजारी आणून ठेवलं. "हेही ओत. दोघांचं एक कर." मी म्हटलं, आई, तू अजून आहेस. तर म्हणते, "म्हणून तर आत्ता सांगतेय." तुम्ही तिला समजवा, माझं ऐकत नाही.

आणखी एक. भट्टी मी पेटवलेली नाही, ड्रायर कपाटात कुलुपात आहे. तरी मागच्या दारी वारा घातल्याचा आवाज येतोय, आणि आई आतून कुणाला तरी म्हणाली, "आले हं."