मुदतीचं कलम

दि. ९ फेब्रुवारी

ती. आत्यास,
टिंगूचा सा. न. वि. वि.

तू विचारलंस, वर अंतराळात चिटपाखरू राहत नाही, तिथे कायदा कशाला? आमच्या संस्थेतला शिपाईही मला हेच विचारतो. ऐक. उपग्रह सोडायला कंपन्या मोठं कर्ज काढतात आणि तो उपग्रहच तारण ठेवतात. हप्ते थकले तर जप्ती आणायची कशी? वर जाऊन कुलूप ठोकता येत नाही. उपग्रहाला हुकूम देण्याचे संकेत ज्याच्या हातात, तोच मालक. ते संकेत कर्ज देणाऱ्याला केव्हा आणि कसे मिळावेत, यावर मी दोन वर्षं खपून अहवाल लिहिला. परिषदेत तो उचलून धरला गेला. साहेबांनी मला खिडकीजवळचं टेबल दिलंय, बढतीचंही कानावर घातलंय. दादा, म्हणजे माझे बाबा, आज असते तर तूच त्यांना माझ्या वतीनं भाव खाऊन दाखवला असतास.

दवाखान्यातल्या, डॉक्टर दिसतात त्या नव्या पडद्याशी जमलं का? की अजून पदर सावरून त्याच्यासमोर बसतेस?

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
टिंगू


दि. २ मार्च

चि. टिंगूस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

चेष्टा पुरे. तीस वर्षं या बेटावर मी एकटी नर्स. डॉक्टर महिन्यातून एकदा यायचा, तोही समुद्राचा मूड असेल तर. आता ईसीजी काढला की पाच मिनिटांत हृदयाचे डॉक्टर पडद्यावर हजर. परवा शाळेतल्या मास्तरांच्या छातीत जळजळ झाली. डॉक्टर म्हणाले, पित्त आहे, पण लक्ष ठेवा. मास्तरांनी उलट त्यांनाच विचारलं, तुमचा शर्ट कोण इस्त्री करतं? मी हसून बेजार.

तुझ्या अहवालातलं मला ओ की ठो कळलं नाही. तरी आलेल्या प्रत्येक रुग्णाला सांगितलं.

जेवणाची हेळसांड करू नकोस.
आत्या


दि. १९ एप्रिल

चि. टिंगूस आशीर्वाद.

मास्तर गेले. सोमवारी सकाळी पडदा काळा झाला. वाटलं, वायर सुटली असेल. बुधवारी दुपारी ते चालत आले, घामानं भिजलेले. ईसीजी काढला, पण तो दाखवायचा कुणाला? कागदावरच्या रेषा मला आवडल्या नाहीत, एवढंच कळलं. कुठलं औषध द्यायचं, हे सांगणारं कुणी नव्हतं. बोटीत घातलं. अर्धा समुद्र ओलांडला आणि त्यांनी माझा हात सोडला.

आता कळतं, उपग्रहाची कंपनी बुडाली आणि कर्ज देणाऱ्यांनी तो ताब्यात घेऊन आमची जोडणी तोडली. आधी चिठ्ठीसुद्धा नाही. असं करता येतं का गं? तुला ठाऊक असेल.
आत्या


दि. २७ एप्रिल

ती. आत्यास सा. न.

करता येतं. त्यांनी माझा अहवाल पुढे करून ते केलं.

पहिल्या मसुद्यात मी एक कलम घातलं होतं. दवाखाने, शाळा, बंदरं अशी लोकोपयोगी सेवा असेल, तर जोडणी तोडण्याआधी सहा महिन्यांची मुदत द्यावी. साहेब म्हणाले, यानं कर्ज देणारे बिचकतील, एखाद्या टिपेत टाक. मी टिपेत टाकलं. पुढच्या मसुद्यात ती टीपही काढली. ते कुणी सांगितलं नव्हतं आत्या, माझं मीच काढलं. पान आटोपशीर दिसत होतं.

तुझा पडदा वरच्या कुठल्या उपग्रहावर चालतो, हे मी कधी विचारलंसुद्धा नाही. मला माफ कर.
टिंगू


दि. ३० मे

टिंगू,

महिनाभर पेन उचललं नाही. तुझ्यावर राग होता, आणि तुला वाढवणारी मीच, म्हणून माझ्यावरही. मास्तरांची बायको मला अजून चहाला बोलावते. तिच्यासमोर बसले की कप तसाच खाली ठेवते.

माझी माफी मागून काय मिळणार? जिथे अहवाल वाचलास तिथे जाऊन बोल. मग मला लिही.
आत्या


दि. ४ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

गेल्या महिन्यात परिषदेनं नेमलेल्या चौकशी समितीपुढे उभी राहिले. साहेब पहिल्याच रांगेत बसले होते. टीप असलेला मसुदा आणि नसलेला मसुदा, दोन्ही टेबलावर ठेवले आणि ती ओळ मी स्वतः खोडली हे सांगितलं. कर्ज देणाऱ्यांचे वकील म्हणाले, बाई भावनेच्या भरात बोलताहेत, त्यांचे नातलग त्या बेटावर आहेत. मी म्हटलं, आहेत, म्हणूनच मला कळलं. ज्यांचे नाहीत त्यांना कळावं म्हणून कायदा लागतो. त्यांचे प्रश्न संपेपर्यंत खाली बसले नाही.

समितीनं मुदतीचं कलम सक्तीचं करायची शिफारस केली. तुमची जोडणी महिनाअखेर सुरू होईल. संस्थेनं मला राजीनामा द्यायला सांगितलं, तो मी दिला. सध्या एका लहान महाविद्यालयात शिकवते. मुली प्रश्न फार विचारतात, बरं वाटतं.

मास्तरांच्या पत्नीला पत्र लिहू का? काय लिहावं, सुचत नाही.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारी,
टिंगू


दि. १५ सप्टेंबर

चि. टिंगूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं हे पत्र आणि एप्रिलमधलंही मी तिला वाचून दाखवलं. खोडलेल्या ओळीचंही. गाळावंसं वाटलं, पण गाळलं नाही. ती मान खाली घालून ऐकत होती. मग मुदतीचं कलम पुन्हा वाचायला लावलं. म्हणाली, सहा महिन्यांत त्यांना शहरात नेऊन दाखवता आलं असतं.

माफ केलं, असं ती म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. मी निघाले तेव्हा दारापर्यंत आली आणि म्हणाली, टिंगूला म्हणावं, पत्र पाठवू नको. तिनं इथे यावं आणि माझ्यासमोर बसून सांगावं.

बोट शनिवारी सुटते. मी धक्क्यावर उभी असेन. तिच्या घरापर्यंत तुझ्याबरोबर चालेन, आत मात्र तू एकटीनं जायचं.

तुझी,
आत्या