बंदुकीचा ठावठिकाणा

४ मार्च
चि. ठेंगूस,
अ. उ. आ.
तू बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात लागलीस, तेव्हा गल्लीभर सांगत फिरलो होतो. आता तेच दुकान माझ्या मुळावर उठलंय! नवा नियम म्हणे, प्रत्येक बंदुकीच्या दस्त्यात चिप. ती कुठे जाते, सगळं सरकारला कळणार. आमच्या बंदूकमालक संघाने कडक निषेध केलाय, अध्यक्ष मीच. बंदूक पाठवतोय. चिप बसवल्यासारखं कर आणि बसवू नकोस. काकूचा गुडघा बरा आहे, जीभ त्याहून बरी.
माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा काका

११ मार्च
ति. काकांस,
शि. सा. न.
असलं केलं तर मला घरी बसवतील. चिप बसवून पाठवलीय. दर रविवारी तुम्ही रीतसर परवान्याने रानडुकरं मारता, मग लपवायचं काय? बंदूक कुठे कुठे फिरली त्याचा नकाशा छापून संघात लावा, लोक तोंडात बोटं घालतील.
नळीत कोळ्याचं जाळं होतं. साफ केलं. कुणाला बोलले नाही.
राग धरू नका, जीव आहेच तुमच्यावर.
ठेंगू

१९ मार्च
चि. ठेंगूस,
अ. आ.
काकूला तर मुळीच बोलू नकोस! तुझी नकाशाची कल्पना मी तोऱ्यात संघात सांगून बसलो. आता सोमवारच्या बैठकीत सगळ्यांचे नकाशे लागणार, आणि माझा ठिपका कपाटातून हलत नाही. अगं, बंदुकीच्या आवाजाने माझ्या छातीत धस्स होतं. इतकी वर्षं बंदुकीच्या खोळीत छत्री घालून तळ्याकाठी शब्दकोडी सोडवतोय. लोक मला 'डुकरांचा काळ' म्हणतात. ते गेलं, तर उरतो नुसता निवृत्त कारकून. चिप तेवढी काढून दे, खिशात घालून फिरेन.
या म्हाताऱ्याला सांभाळून घे.
काका

२७ मार्च
चि. ठेंगूस,
अ. आ.
बंदूक उचलून काकांचा खांदा धरलाय, म्हणून मीच लिहिते. चिप काढली नाहीस, बरं केलंस. रविवारी ते पहाटे खरीच बंदूक घेऊन निघाले. मला धसका, गेले मागोमाग. बघते तर रानाच्या तोंडाशी अख्खा संघ! कुत्रा फिरवावा तसे जो तो आपली बंदूक फिरवत होता. उपाध्यक्षांनी तर नातवाच्या बाबागाडीत आणलेली. काडतूस एकाकडेही नाही. एकमेकांना बघून जो तो आपली बंदूक पाठीमागे लपवायला लागला. तेवढ्यात झुडपातून डुकरीण पिलं घेऊन आली. तुझे काका हळूच म्हणाले, सरका, वाट द्या तिला. सगळे सरकले.
सोमवारी नकाशे लागले. सगळे ठिपके रानात! संघाने एकमताने चिपला पाठिंबा दिला. अट एकच: चिपने जागा सांगावी, काडतुसांची चौकशी करू नये.
येत जा गं, आठवण काढतात.
तुझी काकू