आसाला गुंडाळलेला केस

आबा, आज गाडीची चाकं साफ केली. तुमची ती चावीची गाडी, हिरवं इंजिन आणि तीन डबे, माझ्याकडं इंदापुरात आहे. तुम्ही गेल्यावर बारामतीच्या खोलीतली पत्र्याची ट्रंक इथं आली, तिच्यात तुमच्या जुन्या धोतरात गुंडाळलेली ती निघाली. त्यालाही आता किती वर्षं झाली! नंतर माझे मालक गेले, मुलगा पुण्याचाच झाला, आणि रविवारी दुपारी एवढ्या मोठ्या घरात मी एकटी फरशीवर रूळ मांडून बसते. शेजारीण खिडकीतून डोकावते, "काकू, नातवंडं आल्यात का?" मी म्हणते, व्हय, आल्यात. तिला काय सांगत बसू?

आई गेली तेव्हा मी चौदा वर्षांची होते. तुम्ही इंजिनच्या शेडमध्ये फिटर. सहा दिवस दौंडच्या छोट्या गाडीच्या इंजिनाखाली उताणे, आणि सातव्या दिवशी घरात या गाडीसमोर पालथे. शेडमधल्या गोऱ्या साहेबानं मायदेशी परतताना ती तुम्हाला दिलेली. आई होती तोवर ती फळीवर असायची. आई गेली आणि तुम्ही गाडी खाली काढलीत, माझ्याशी बोलणं तेवढं फळीवर ठेवलंत. "भाकरी वाढ" आणि "दार लाव", संपलं. मी चुलीपाशी बसून बघायची. गाडी गोल फिरायची, तुमची मान तिच्यामागं फिरायची, आणि मी त्या दोघांच्या बाहेर. खरं सांगते आबा, मला त्या गाडीचा राग यायचा. उचलून आडात टाकावी वाटायची.

मग तो रविवार. गाडी वळणावर रखडते, कुईकुई करते, थांबते. तुम्ही पुन्हा चावी देता, पुन्हा तेच. मधला डबा उलटा करून डोळ्यांजवळ नेता, लांब धरता, आणि माझ्याकडं न बघताच म्हणता, "हिकडं ये गं. तुझी नजर बारीक हाय. काय आडकलंय बघ." मी पदराला हात पुसत येते. चाकाच्या आसाला माझाच एक लांब केस वेटोळे घालून बसलेला. तुम्ही सुई माझ्या हातात देता, स्वतः चाक बोटानं उलटं फिरवता, आणि केस सुटत सुटत माझ्या सुईवर येतो. आपली दोघांची डोकी अगदी जवळ. तुमच्या अंगाला कोळशाचा वास. आई गेल्यापासून मी तुमच्या इतक्या जवळ बसलेच नव्हते.

त्या दिवशी तुम्ही सगळं शिकवलंत. चिंधीला रॉकेल लावून चाकाच्या कडेवरचा काळा थर पुसायचा, कोरड्या चिंधीनं पुन्हा पुसायचं. मग सुईच्या टोकावर मशीनच्या तेलाचा एक थेंब, तोही फक्त आसाच्या दोन्ही टोकांना. मी मेली उत्साहानं बाटलीच कलंडवली. "भजी तळायची हायत व्हय गं?" तुम्ही ओरडलात. मग चाक पुसत म्हणालात, "जितं घासतंय तितं तेल. जितं टेकतंय तितं न्हाय. कडेला तेल लागलं तर चाक जागच्या जागी फिरंल." बोलणी खाल्ली, पण मला इतका आनंद झाला होता, की मी दिवसभर ती बोलणी मनात घोळवत राहिले.

पुढचे तीन रविवार गाडी लोण्यासारखी धावली. म्हणजे तुम्ही पुन्हा गप्प. चौथ्या शनिवारी तुम्ही शेडमध्ये असताना मी फणीतला केस काढला, डबा मांडीवर घेतला आणि आसाला गुंडाळला. रविवारी हाक आली, "हिकडं ये गं." मी सुई धरली, तुम्ही चाक पुढं फिरवलंत, केस सुटला. मग ते माझं व्रतच झालं म्हणा ना. गाडी अडायची, तुम्ही हाक मारायचात, आपण चिंधी, रॉकेल, सुई घेऊन दुपारभर बसायचो. हळूहळू तुम्ही शेडमधल्या गमती सांगायला लागलात. एकदा आईचं नाव काढलंत, आणि पुसून झालेलं चाक आपण दोघं पुन्हा पुसायला लागलो.

एकदा बाजारच्या दिवशी तुम्ही माक्याच्या तेलाची बाटली आणलीत. "केस लई गळत्यात तुझं. रोज लाव." मी बाटली घेतली आणि शरमेनं मान वर करवेना. कबूल करावंसं वाटलं. पण कबूल केलं, तर हाक बंद होईल, या भीतीनं गप्प बसले. लग्न होऊन इंदापूरला आले तोवर तेच चाललं होतं. बाकी मी गेल्यावर गाडी कशी धावत होती, हे कधी विचारायचं धाडस झालं नाही.

आता ऐका. परवा मधला डबा खरोखरच अडला. सुई घेतली, केस दिसला, माझाच, पांढरा. सवयीनं चाक पुढं फिरवलं तर केस सुटायच्या ऐवजी आणखी आवळला. मागं फिरवलं तेव्हा सुटला. इंजिन चावीचं, पुढंच पळणारं. त्यामागच्या डब्याला आपोआप लागलेला केस एकाच बाजूनं वेढे घेणार, आणि सोडवायला चाक मागंच फिरवावं लागणार. पहिल्या रविवारी तुम्ही मागं फिरवलं होतंत. नंतरच्या प्रत्येक वेळी पुढं! मी डबा समोरून धरून गुंडाळायची, म्हणजे केस उलट्या बाजूनं वेढला जायचा. सगळा जन्म चाकांखाली काढलेल्या माणसाला हे दिसलं नसेल?

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. पहिल्यापासून. आणि तरी दर वेळी डबा डोळ्यांजवळ नेऊन लांब धरायचात, नजर पोचत नसल्याचं सोंग करायचात. आबा, एक शब्द बोलला असतात तर जीभ झिजली असती का हो? "नुसतीच ये, बस" म्हणाला असतात तर? रागही येतो आणि रडूही येतं. आणि ते माक्याचं तेल थट्टेनं आणलंत की खरंच काळजीनं, हे मला अजून उमगत नाही. विचारायला कुणी उरलं नाही.

हे पत्र कुठं टाकणार? घडी करून ट्रंकेत, त्या धोतराखाली ठेवते. एक तेवढं सांगायचं राहिलं. आज सकाळी गाडी अगदी छान धावत होती, साफ करायचं काही कारणच नव्हतं. मग फणीतला एक केस काढला आणि मधल्या डब्याच्या आसाला गुंडाळला. या खेपेला सुलट गुंडाळला, पहिल्या रविवारी होता तसा.